‘पांढऱ्या पेशी दमल्या आहेत’ असं सांगून विकलं जाणारं एंडोमेट्रिओसिसचं पॅकेज

डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेने तिची फाईल आम्हाला वाचायला दिली आणि नाव-गाव गाळून ती इतरांपुढे ठेवायला परवानगीही दिली. वय ३१. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत वर्गात उभं राहवत नाही इतकी कळ, सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात ४ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ. हा एंडोमेट्रिओसिस: गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते तो आजार. स्त्रीरोगतज्ज्ञांनी डायनोजेस्ट या हार्मोनची २ मिलिग्रॅमची रोज एक गोळी सुरू केली होती. दुसऱ्या महिन्यात मधूनमधून डाग लागू लागले तशी ती घाबरली. या गोळीवर सुरुवातीच्या काही महिन्यांत अनियमित रक्तस्राव होणं अगदी नेहमीचं आहे, पण ते तिला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर गावातल्या हॉलमध्ये मोफत स्त्री-आरोग्य शिबिर भरलं, तिथे ती गेली. तिथून पुढच्या सात महिन्यांत ८६ हजार रुपये गेले आणि सिस्ट साडेसहा सेंटिमीटरची झाली.

आजार खरा होता आणि रोगप्रतिकारक पेशींचा त्याच्याशी संबंध आहे हेही खरंच आहे. विकणाऱ्याने सुरुवात या खऱ्या गोष्टीपासून केली, म्हणून शिकलेली बाईसुद्धा फसली. फसवणूक नेमकी कुठल्या वळणावर सुरू होते ते पाहू.

शिबिरात बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि मायक्रोस्कोप टीव्हीला जोडून तिला दाखवला. काळ्या पडद्यावर चकाकणाऱ्या गोल पेशी, काही एकमेकींना चिकटलेल्या, काहींच्या कडा काटेरी, मध्ये एखादी पांढरी पेशी स्तब्ध. “टीचर, तुमच्या पांढऱ्या पेशी दमल्यात. म्हणून पोटातली ती घाण त्यांना साफ करता येत नाही.” डार्क-फील्ड मायक्रोस्कोपवर कुणाचाही थेंब ठेवला तरी असंच दिसेल. थेंब जाड असला की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटतात. काचपट्टी काही मिनिटं तशीच राहिली की कडेने सुकत जाते आणि पेशींच्या कडा काटेरी होतात. पांढरी पेशी हलताना दिसते की नाही हे खोलीच्या तापमानावर आणि थेंब किती वेळ पडून आहे यावर ठरतं. एंडोमेट्रिओसिसबद्दल या चित्रातून काहीही कळत नाही. असा टीव्ही दिसला की तिथूनच परत फिरा.

आता खरं शास्त्र. पाळीचं थोडं रक्त बीजवाहिन्यांतून उलट पोटात जाणं बहुतेक सगळ्या बायकांत घडतं. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलेला सिद्धांत यावरच उभा आहे. पण आजार होतो तो पाळी येणाऱ्या साधारण दहांतल्या एकीला. बाकीच्या नऊजणींना का होत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग रोगप्रतिकारक पेशींत आहे. पोटाच्या पोकळीत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. मेलेल्या पेशी, सांडलेलं रक्त गिळून टाकणं हे त्यांचं काम. एंडोमेट्रिओसिसमध्ये तिथल्या द्रवात त्यांची संख्या वाढलेली सापडते, पण गिळण्याची ताकद कमी झालेली असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या गप्प बसत नाहीत. त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात, त्यामुळे चुकीच्या जागी रुजलेल्या ऊतीला नव्या रक्तवाहिन्या मिळतात. त्या इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ सोडतात, त्यामुळे दाह पेटत राहतो. आयजीएफ-१ सोडतात, त्यामुळे जवळच्या नसा जास्त संवेदनशील होतात आणि दुखणं वाढतं. उंदरांवरच्या प्रयोगांत मॅक्रोफेज काढून टाकल्या तेव्हा त्या ऊतीची वाढ खुंटली. एनके पेशींची, म्हणजे नको असलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची, गोष्ट वेगळी. पोटातल्या द्रवात त्यांची मारकशक्ती घटलेली आढळते, त्यामुळे वाट चुकून आलेली ऊती त्यांच्या तावडीतून सुटते. टी पेशी आणि मास्ट पेशींतही बदल सापडतात. मास्ट पेशी नसांच्या आसपास जमतात आणि वेदनेत भर घालतात.

म्हणजे एक पेशी जास्त सक्रिय होऊन नुकसान करते, दुसरी कमी पडून. ‘प्रतिकारशक्ती वाढवली की एंडोमेट्रिओसिस जाईल’ हे वाक्य इथेच कोसळतं. यातली कुठली पेशी वाढवायची? ज्या मॅक्रोफेज त्या ऊतीला रक्तपुरवठा मिळवून देतात, त्यांनाही जोर द्यायचा का? शिबिरातल्या माणसाला हा एक प्रश्न विचारून पाहा.

दुसरं म्हणजे हे सगळे बदल मुख्यतः पोटाच्या पोकळीतले आहेत. हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात ते दिसतीलच असं नाही. गर्भाशयातल्या एनके पेशी आणि रक्तातल्या एनके पेशी तर मुळात वेगळ्या जातीच्या असतात: गर्भाशयातल्यांवर सीडी५६ ही खूण भरपूर आणि सीडी१६ ही खूण जवळजवळ नाही, रक्तातल्या बहुतेकींवर उलट. शिक्षिकेच्या फाईलमध्ये एनके पेशींची फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशी मोजण्याची चाचणी, आहे. आकडा १७ टक्के, पुढे लाल अक्षरांत ‘हाय’. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाचं रक्त लगेच घेतलं तर त्यात एनके पेशी वाढलेल्या असतात; ताण आणि दिवसाची वेळ यांनीही आकडा हलतो. नमुना कोणत्या नळीत घेतला, किती वाजता घेतला, किती तासांनी तपासला, यातलं काहीच रिपोर्टवर नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) मान्यता आहे का आणि त्याच चाचणीसाठी आहे का, हेही लिहिलेलं नाही. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने, एशरेने, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की रक्तातल्या किंवा पाळीच्या स्रावातल्या बायोमार्करवरून (आजाराची खूण मानल्या जाणाऱ्या घटकावरून) एंडोमेट्रिओसिसचं निदान करू नये. नीट विचारलेला इतिहास, तपासणी, चांगल्या हाताने केलेली योनीमार्गे सोनोग्राफी आणि गरज पडली तर एमआरआय, यांवर निदान उभं राहतं. स्कॅन स्वच्छ आला म्हणून आजार नाहीच असंही नसतं. अशा वेळी औषध देऊन पाहतात किंवा लॅपरोस्कोपी करतात.

फाईलमधलं सर्वांत बोलकं पान म्हणजे पॅकेजचा तक्ता. दहा ड्रिप. पाच ड्रिप व्हिटॅमिन सी आणि ग्लुटाथायोनच्या, ‘दमलेल्या पेशींना ताकद’ म्हणून. पाच ड्रिप इंट्रालिपिडच्या, ‘वाढलेल्या एनके पेशी खाली आणायला’. एकाच आठवड्यात, एकाच शिरेतून, पेशी वाढवण्याचंही औषध आणि दाबण्याचंही! इंट्रालिपिड हे सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या फॉस्फोलिपिडचं मिश्रण आहे. तोंडाने अन्न घेता न येणाऱ्या रुग्णांच्या पोषणासाठी ते बनलेलं आहे. अंडं किंवा सोयाबीनची ॲलर्जी असलेल्यांना धोकादायक. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस शिरेतून दिले तर मूत्रपिंडात ऑक्झलेट साचू शकतं, आणि जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. जी६पीडीची तपासणी फाईलमध्ये नाही.

ड्रिपनंतर दोन-तीन दिवस बरं वाटलं, असं ती सांगते. तक्त्यात प्रत्येक ड्रिपपुढे ‘सपोर्टिव्ह इंजेक्शन’ असं लिहिलंय, नाव नाही. अशा जागी स्टेरॉइड किंवा साधं वेदनाशामक असू शकतं. दोन्हींनी काही दिवस दुखणं दबतं आणि श्रेय ड्रिपला जातं. शिरेतून जाणाऱ्या प्रत्येक औषधाचं नाव, डोस, बॅच क्रमांक लिहून मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर सुई लावून घेऊ नका.

सुधारणेचा पुरावा म्हणून तिला सीए-१२५ चे, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचे, दोन रिपोर्ट दाखवले: आधी ७८, नंतर ४१. हिशेब साधा वाटतो. आम्ही तारखा पाहिल्या. पहिलं रक्त पाळीच्या दुसऱ्या दिवशी घेतलेलं, दुसरं पाळी संपून आठवडा झाल्यावर. पाळीच्या दिवसांत सीए-१२५ आपोआप चढतो आणि नंतर उतरतो. काहीही उपचार न करता असा फरक पडू शकतो. कुणी आधीचे-नंतरचे आकडे दाखवले तर दोन्ही तारखांपुढे पाळीचा दिवस लिहा, मगच बोला.

पैशांपेक्षा मोठं नुकसान मात्र एका ओळीने केलं: ‘हार्मोन बंद करा, पेशींना काम करू द्या.’ तिने डायनोजेस्ट सोडलं. एंडोमेट्रिओसिस इस्ट्रोजेनवर पोसतो. डायनोजेस्ट, एकत्रित हार्मोन गोळ्या, लिव्होनॉर्जेस्ट्रेलची कॉपर-टीसारखी गर्भाशयात बसवायची आययूएस, जीएनआरएच गटातली इंजेक्शनं, हे सगळे उपचार त्याचाच आधार कमी करतात. यातला कुठलाही उपचार आजार कायमचा पुसून टाकत नाही. थांबवलं की दुखणं परत येऊ शकतं. चांगले डॉक्टर हे आधीच सांगतात. ‘मुळापासून बरं करतो’ असं म्हणणाऱ्याकडे या आजाराचं तसं औषध नाही, कारण ते आज जगात कुठेच नाही. रोगप्रतिकारशक्तीच्या बाजूने प्रामाणिक प्रयत्न झालेत. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब संधिवातात उत्तम चालतं म्हणून खोलवरच्या एंडोमेट्रिओसिसवर वापरून पाहिलं; २००८ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) वरचढ ठरलं नाही. संशोधन चालू आहे आणि त्यातून उद्या काही हाती लागेलही. ते शिबिरातल्या टेबलावर मात्र आलेलं नाही.

शेवटी तिला तीन लाखांची स्टेम सेल थेरपी सुचवली गेली, तिथे ती थांबली. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. ट्रायल असेल तर तिचा सीटीआरआय (देशातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी क्रमांक असतो, आणि सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घेत नाहीत.

सातही महिन्यांचे पैसे रोख घेतले, पावत्या साध्या कागदावर. तरी तक्रारीचे रस्ते आहेत. उपचार करणारा नोंदणीकृत डॉक्टर असेल तर लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत केसपेपरच्या नोंदी द्याव्या लागतात. तो अर्ज आधी करा, पोच घ्या. त्यानंतर गोवा मेडिकल कौन्सिल. मासिक पाळीचे विकार किंवा गर्भाशयाचे आजार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, म्हणून शिबिराचं पत्रक, व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्या. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या दाव्याला फी नाही, मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

खऱ्या उपचारांसाठी पैसे नाहीत म्हणून शिबिराकडे वळणाऱ्या बायका बऱ्याच आहेत. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग विभागात ओपीडीला दाखवता येतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे दाखल होण्याआधी विचारून घ्या.

सध्या असं पॅकेज कुणाचं अर्धवट चालू असेल तर उरलेल्या ड्रिप घेतल्या नाहीत म्हणून शरीराचं काही बिघडत नाही. पण त्या ‘सपोर्टिव्ह’ इंजेक्शनात स्टेरॉइड बरेच आठवडे दिलं गेलं असेल तर अचानक थांबवल्यावर खूप थकवा, चक्कर, उलट्या होऊ शकतात, तेव्हा हे डॉक्टरांच्या कानावर घाला. हार्मोनची गोळी सोडलेली असेल तर स्वतःहून पुन्हा सुरू करू नका. गर्भधारणा नाही याची खात्री करून, नवी सोनोग्राफी घेऊन तज्ज्ञांकडे जा आणि जुने सगळे रिपोर्ट, खोटे वाटणारेही, बरोबर न्या. पोटात एका बाजूला अचानक असह्य कळ, ताप, सतत उलटी किंवा भोवळ आली तर सिस्ट फुटलेली, पिळवटलेली किंवा तिच्यात पू झालेला असू शकतो. अशा वेळी ओपीडीची वाट न पाहता १०८ ला फोन करून सरळ कॅज्युअल्टीत जा.