घरी उघडलेला ओटीजी: दहा महिन्यांचा अनुभव

आमचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे रॉडवर तापणारा विजेचा छोटा ओव्हन) 28 लिटरचा, 1500 वॅटचा, 2019 साली घेतलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही. 2021 च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचा फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन सगळं चिखलात गेलं. हा तेवढा वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला. त्यामुळे त्याच्यावर माझा जरा जास्तच जीव आहे, हे आधीच सांगून टाकते. तटस्थ परीक्षण हवं असेल तर ते इथे मिळणार नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी नानकटाईचा पहिला घाणा लावला, तर वरून छान बदामी रंग आणि खालून पांढरी, पिठूळ. खालचे दोन्ही रॉड थंडगार. दुरुस्तीवाला घरी आला, खालचं बटण फिरवून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, दोन्ही रॉड गेलेत. अठराशे रुपये होतील, आणि सामान दिवाळीनंतरच येईल. त्यापेक्षा नवीन घ्या." दिवाळी जाऊबाईंच्या ओव्हनवर निभावली. पण दोन रॉड एकाच दिवशी, एकाच वेळी कसे जातील, हे काही डोक्यातून जाईना. नोव्हेंबरच्या एका रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले.

उघडण्याबद्दल एकच गोष्ट जोर देऊन सांगते. प्लग सॉकेटमधून काढून, डोळ्यांसमोर ठेवून मगच स्क्रूला हात लावायचा. नुसतं बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल कधी कधी उलटे जोडलेले असतात आणि मग बटण बंद असतानाही आत करंट राहतो. आणि हे सगळं साध्या ओटीजीबद्दल चाललंय. मायक्रोवेव्हचं झाकण कुणीही घरी उघडू नये. त्यातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, दोन हजार व्होल्टच्या घरातला असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसू शकतो.

मागच्या आणि बाजूच्या पत्र्याचे मिळून तेरा स्क्रू निघाले. पत्र्याच्या कडा विळीसारख्या, पहिल्याच मिनिटाला अंगठा कापला. आत बघितलं तर भीती वाटावी असं काही नव्हतं: डाव्या-उजव्या भिंतींतून बाहेर आलेली रॉडची टोकं, त्यांना चिनीमातीच्या बुशा, आणि उजव्या हाताच्या पोकळीत एकाखाली एक थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला रॉड बंद-चालू करणारा भाग), वरचा-खालचा रॉड निवडायचा स्विच आणि टायमर. एकही वायर काढायच्या आधी मोबाइलवर आठ-दहा फोटो काढले. त्या फोटोंनी पुढे तीन वेळा तारलं.

450 रुपयांचा मल्टिमीटर घेतला होता. ओव्हनमध्ये चार रॉड, वर दोन, खाली दोन. वरच्या प्रत्येकावर 34 ओहम आले (ओहम हे रेझिस्टन्सचं, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). खालच्या एकावर 34, दुसऱ्यावर काहीच नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. म्हणजे गेला होता एकच. पण खालचे दोन एकामागे एक, सीरीजमध्ये जोडलेले. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की अख्खी माळ विझते, तसंच. दुरुस्तीवाल्यानं मीटर लावला असता तर त्यालाही हे दिसलं असतं.

इथवर स्वतःवर भलतीच खूश होते. मग चूक केली.

बाजारात जुना रॉड नमुना म्हणून घेऊन गेले. दुकानदारानं लांबी जुळवून एक रॉड हातात ठेवला, 180 रुपये. लांबी बरोबर, टोकं बरोबर, बसला पण झकास. घाणा लावला तर नानकटाई एका बाजूला जेमतेम रंगलेली आणि दुसऱ्या बाजूला कच्ची. दोन दिवस मी थर्मोस्टॅटला शिव्या घालत होते. शेवटी रॉडवर बारीक कोरलेलं वाचलं: 230 व्होल्ट. माझे मूळचे रॉड 115 व्होल्टचे होते, जोडीनं 230 वाटून घेणारे. नव्याचा रेझिस्टन्स 140 च्या आसपास. सीरीजमध्ये करंट दोघांतून तोच जातो, त्यामुळे उष्णता रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाटली जाते: नव्याला मोठा वाटा, जुन्याला चिमूटभर. आणि दोघांचं मिळून साडेसातशे वॅटच्या जागी तीनशेच. उलटी चूक याहून वाईट. 115 चा एकटा रॉड थेट 230 वर जोडला तर चौपट वॅट खेचतो आणि फार काळ टिकत नाही. तेव्हा रॉड घेताना लांबीच्या आधी व्होल्ट आणि वॅट बघा, आणि दुकानातच मीटर लावून ओहम जुळवा. दुकानदार हसला तर हसू दे. विकलेला रॉड त्यानं परत घेतला नाहीच.

योग्य जोडी कुरियरनं मागवली, 320 रुपये. एकच गेला असला तरी दोन्ही बदलले, कारण दोघांचं वय सारखं. सगळं जोडून झाल्यावर प्लग लावायच्या आधी दोन तपासण्या केल्या. टायमर, थर्मोस्टॅट आणि वरचे-खालचे सगळे रॉड चालू ठेवून प्लगच्या दोन पिनांमध्ये मोजलं: 34 ओहम (एकेका जोडीचे 68, आणि करंटला दोन जोड्यांच्या दोन वाटा, म्हणून त्याच्या निम्मे), म्हणजे 230 व्होल्टला साधारण दीड हजार वॅट, हिशेब जुळला. मग जाड पिन आणि ओव्हनचा पत्रा यांच्यात मोजलं: जवळजवळ शून्य, म्हणजे अर्थिंग शाबूत. या दोन आकड्यांशिवाय दुरुस्त केलेला ओव्हन सुरू करू नये, असं माझं मत झालंय. प्लगही 16 अँपियरच्या सॉकेटमध्येच. साडेसहा अँपियर तासभर ओढणारी वस्तू मोबाइल चार्जरच्या सॉकेटवर लावायची नाही.

डिसेंबर उत्तम गेला. नाताळचे केक झाले, पावाच्या दोन लाद्या झाल्या. जानेवारीत एक दिवस पाव भाजताना जळका वास आला, पावाचा नव्हे, प्लॅस्टिकचा. पुन्हा तेरा स्क्रू. खालच्या रॉडच्या टोकावरचा लग, म्हणजे वायरच्या तोंडाला दाबून बसवलेली ती पितळी टोपी, काळीनिळी पडली होती आणि वायरचं आवरण बोट लावताच भुगा होऊन गळत होतं. जुने फोटो काढून बघितले. नोव्हेंबरच्या पहिल्याच फोटोत तोच लग, त्याच जागी, तसाच निळसर! मी रॉड बदलला आणि तोच लग परत नव्या रॉडवर चढवला होता.

या सगळ्या प्रकरणात सांगण्यासारखं काही असेल तर ते हेच. सांधा सैल झाला की तिथे रेझिस्टन्स वाढतो, तिथेच उष्णता होते, उष्णतेनं पितळेची पकड आणखी ढिली पडते, की आणखी उष्णता. पहिला रॉड त्यामुळेच गेला असं ठाम म्हणणार नाही, पण नवा त्याच वाटेनं निघाला होता. सगळ्यांचं लक्ष रॉडकडे असतं, कारण तो लाल होताना दिसतो. लगकडे कुणी बघत नाही.

यावेळी घाई केली नाही. वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापली. पुरेना, म्हणून काचधाग्याचं आवरण असलेली वायर दोन मीटर आणली. साधी पीव्हीसी वायर आणि काळी चिकटपट्टी या पोकळीत चालत नाही, तिथे ती वितळते. "काकू, सोल्डर मारून देऊ का?" असं शेजारच्या डिप्लोमाच्या मुलानं विचारलं. नको म्हटलं. साधं सोल्डर 183 अंशांना पातळ होतं, आणि मी पाव 200 वर भाजते. त्याच्याकडचं लग दाबायचं हत्यार मात्र उसनं घेतलं, कारण पकडीनं दाबलेला लग वरवर घट्ट दिसतो आणि ओढला की हातात येतो. लगही पितळेचे न घेता निकेलचा मुलामा दिलेले घेतले. जोडल्यावर प्रत्येक वायर ओढून बघितली. नव्वद रुपयांची वायर, साठ रुपयांचे लग. तेव्हापासून ऑगस्टपर्यंत, पावसाळ्यातला एक खंड सोडला तर, आठवड्याला दोन-तीनदा ओव्हन चालतोय. एप्रिलमध्ये मुद्दाम उघडून बघितला, लग तसेच पांढरे.

मधल्या काळात ओव्हनचा थर्मामीटर घेतला, 380 रुपये, आणि ही खरेदी सगळ्यांत आधी करायला हवी होती. डायल 180 वर, आतली सरासरी मात्र 200 च्या पुढे. हा काटा एका जागी थांबत नाही. पट्टीचा थर्मोस्टॅट तापून बंद होतो, निवून चालू होतो, त्यामुळे अर्धा तास थांबून वरचा-खालचा आकडा घेऊन मधला धरायचा. थर्मामीटर नसेल तर साखरेची युक्ती आहे: साखर 186 अंशांच्या सुमारास वितळते, तेव्हा 175 वर ठेवलेली चमचाभर साखर पंधरा मिनिटांत पाघळली तर डायल खोटं बोलतंय. मी थर्मोस्टॅट उघडला नाही. खऱ्या 170 च्या जागी डायलवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. दिसायला गावंढळ आहे, पण नानकटाईचा घाणा आता चुकत नाही.

एका गोष्टीचा दोष ओव्हनला देऊ नये. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 200 पर्यंत उतरतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं घटते, म्हणजे दीड हजार वॅटचा ओव्हन तेव्हा अकराशेच्या थोडा वर. प्रीहीटला वेळ लागणारच. आणि वीज गेली तरी चावीचा टायमर टिकटिकत राहतो. घंटा वाजली म्हणजे केक झाला असं धरून मी एकदा कच्चा केक पाहुण्यांसमोर कापला आहे.

जुलैत नवं नाटक. पंधरा दिवस ओव्हन लावला नव्हता, बाहेर धो-धो पाऊस. चालू करताच घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा (ट्रिप होणारा) स्विच, खाली. पुन्हा वर केला, पुन्हा खाली. वरचे रॉड एकटे लावले तर चालतंय, खालचे लावले की ट्रिप. मीटरवर मात्र खालचे रॉड ठणठणीत, 34 आणि 34. ओळखीच्या वायरमननं फोनवरच इलाज सांगितला: "ताई, अर्थची वायर काढून टाका, ट्रिप होणार नाही." खरंच होणार नाही. मग त्या पत्र्यात येणारा करंट ओव्हनला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाईल.

झालं होतं असं. रॉडच्या नळीत तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते, आणि ती हवेतलं पाणी पिते. कोकणातल्या जुलैत पंधरा दिवस म्हणजे भरपूर. ओली पूड थोडासा करंट नळीला देते, आणि आरसीसीबीला ट्रिप व्हायला 30 मिलिअँपियर पुरतात. साध्या मल्टिमीटरला ही गळती बहुधा दिसत नाही, त्यासाठी 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणारा मीटर, लागतो. इलाज मात्र ओव्हनच्या पोटातच होता. खालच्या रॉडच्या वायरा सोडवल्या, त्यांची तोंडं चिनीमातीच्या कनेक्टरमध्ये वेगवेगळी बंद केली, पत्रा परत लावला आणि नुसते वरचे रॉड 150 वर दोन तास चालवले. ओव्हन गार झाल्यावर प्लग काढून पुन्हा जोडणी. ट्रिप बंद. वाळवूनही ट्रिप होत राहिला असता तर तो रॉड बाद, त्यावर दुसरी तडजोड नाही. आता पावसाळ्यात काही भाजायचं असो-नसो, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं रिकामा चालवते. बटाटे-रताळी तरी टाका, असं घरातून सुचवलं जातं, आणि तसंच होतं.

पैशांचं म्हणाल तर मीटर, चुकीचा रॉड, बरोबर जोडी, वायर, लग आणि थर्मामीटर मिळून 1480 रुपये झाले. दुरुस्तीवाला अठराशे म्हणाला होता. तीनशे वीस रुपये वाचवायला चार रविवार आणि एक अंगठा, असा हिशेब आमच्या यजमानांनी मांडून दाखवला. मीटर आणि थर्मामीटर उरलेत हे ते धरत नाहीत. पण घरात आधीच मीटर नसेल, आकडेमोडीचा कंटाळा असेल आणि दुरुस्तीवाला मीटर लावणारा असेल, तर खुशाल त्याच्याकडे द्या. फक्त रॉडबरोबर लगही बदलायला सांगा आणि जुने परत मागा.

बाकी राहिलंय ते असं. दाराची एक स्प्रिंग ढिली झालीय, दार अर्ध्यात थांबत नाही, धाडकन खाली येतं. तसा सुटा भाग अजून मिळालेला नाही. चालू असल्याचा लाल दिवा जानेवारीपासून लागत नाही. तो मी मुद्दामच सोडलाय, कारण थर्मोस्टॅट चालू-बंद होताना बारीक 'टक्' ऐकू येतं आणि मला तेवढं पुरतं. जाऊबाईंना पुरत नाही. गणपतीला त्या येतील तेव्हा पहिला प्रश्न तोच असेल, म्हणून परवा बाजारातून 230 व्होल्टचा निऑन दिवा आणून ठेवलाय. यावेळी आधी वाचून घेतला.