पीसी खोलीत, टीव्ही वसरीत: गेमिंगसाठी कोणती जोडणी घ्यावी?

गेमिंग पीसी मोठ्या फोरके टीव्हीला जोडायचा म्हटलं की सगळे आधी टीव्हीच्या मॉडेलवर बोलतात. मी आधी विचारतो, पीसीपासून टीव्हीपर्यंत वायर किती मीटर लागेल? डोळ्यांनी अंदाज करून नव्हे. भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, वायर खरोखर जशी जाईल तशी टेप लावून मोजायची. पुढचं बरंचसं या आकड्यावर ठरतं, आणि नेमका तोच कुणी मोजलेला नसतो.

माझ्यासमोर दोन घरं आहेत. एक गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं जुनं: चिऱ्याच्या जाड भिंती, मधे देवाची खोली, पीसी मागच्या खोलीत आणि टीव्ही पुढे वसरीत, म्हणजे ओसरीत. दुसरा पर्वरीतला भाच्याचा फ्लॅट, तिथे पीसीचं टेबल आणि टीव्ही यांच्यामध्ये फक्त एक सोफा. दोघांचे टीव्ही ५५ इंची, पीसीत चित्र तयार करणारी ग्राफिक्स कार्डंही जवळपास सारखीच. तरी त्याच्याकडची जोडणी माझ्याकडे चालली नाही आणि माझी त्याने केली असती तर पैसे फुकट गेले असते.

वाटा तीन आहेत. पीसीच उचलून टीव्हीशेजारी ठेवायचा आणि दोन मीटरच्या एचडीएमआय वायरने जोडायचा. पीसी आहे तिथेच ठेवून लांब ऑप्टिकल एचडीएमआय वायर ओढायची. नाहीतर चित्रासाठी वायर ओढायचीच नाही, गेम पीसीवर चालवायचा आणि घरच्या नेटवर्कवरून टीव्हीवर पाठवायचा, म्हणजे स्ट्रीमिंग.

आधी पोर्ट बघा

पहिल्या दोन्ही वाटांवर कार्डाचं पोर्ट, टीव्हीचं पोर्ट आणि वायर या तिघांत जे सगळ्यात कमी कुवतीचं, तेवढंच पदरात पडतं. फोरके म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख टिंबं, फुल एचडीच्या बरोबर चौपट. ती नेहमीच्या ८ बिट रंगांत सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० या आवृत्तीची सेकंदाला १८ गिगाबिटची वाट जेमतेम पुरते. तेच चित्र एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या, १० बिट रंगांत सेकंदाला १२० वेळा हवं असेल तर साधारण ४० गिगाबिट लागतात. तिथे ४८ गिगाबिटपर्यंत जाणारं एचडीएमआय २.१ पाहिजे.

कार्डांवर २.१ आलं २०२० मध्ये, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० आणि एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेपासून. जीटीएक्स १०, जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० यांच्यावर २.० आहे. म्हणून ती टाकून द्यायची गरज नाही. फोरके ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं) त्यांच्यावर चालतं, आणि टीव्हीचा पडदा खरोखर १२० हर्ट्झचा असेल व तो १४४० रिझोल्यूशन (२५६० बाय १४४० टिंबं) स्वीकारत असेल, तर १४४० वर १२० हर्ट्झही मिळतं.

'खरोखर' हा शब्द मुद्दाम लिहिला. खोक्यावर १२० किंवा २४० असा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि पडदा ६० चाच निघतो. तो आकडा हालचाल गुळगुळीत दाखवणाऱ्या प्रक्रियेचा असतो. शिवाय चार एचडीएमआय पोर्टं असलेल्या टीव्हीतही बऱ्याचदा दोनच पोर्टं फोरके १२० घेतात, आणि त्यातलंच एक साउंडबार लावायचं ईआर्क पोर्ट असतं. दुकानात टीव्हीच्या मागे वाकून बघायला लाजू नका.

आता एक हिशेब, जो ऐकून भाच्याचा चेहरा पडला होता. ५५ इंची पडद्यावर फोरकेची टिंबं सुटी ओळखायला सामान्य नजरेला साडेतीन-चार फुटांच्या आत बसावं लागतं. १४४० ची टिंबं साडेपाच फुटांच्या आसपास मिटतात आणि फुल एचडीची सात फुटांपलीकडे. आपला सोफा कुठे असतो? आठ-नऊ फुटांवर. म्हणजे गेम आतून १४४० वर चालवून डीएलएसएस किंवा एफएसआर ही चित्र वाढवायची तंत्रं लावून फोरकेपर्यंत वाढवला, तर सोफ्यावरून फरक शोधावा लागेल. कार्डावरचा ताण मात्र निम्म्याच्या आसपास येतो. टिंबांपेक्षा एचडीआर आणि १२० हर्ट्झ या दोन गोष्टी त्या अंतरावरून जास्त जाणवतात. निदान माझं मत तसं आहे.

पीसी टीव्हीशेजारी

जमत असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. दोन मीटरची 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रमाणपत्र असलेली तांब्याची वायर स्वस्त मिळते, ४८ गिगाबिट पूर्ण नेते आणि नंतर तिच्याकडे बघावंही लागत नाही. खोक्यावर नुसतं '२.१' छापलेलं असणं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी स्कॅन करता येणारं अधिकृत लेबल असतं, ते बघून घ्या. कंट्रोलर ब्लूटूथवर सहज लागतो आणि पीसी चालू करायला घरभर फिरावं लागत नाही.

अडचण वायरीची नाही, जागेची आहे. शोकेसच्या बंद कप्प्यात गेमिंग पीसी ठेवला की तो स्वतःचीच गरम हवा परत ओढतो, आणि मे महिन्यात गोव्यात बाहेरची हवाही काही थंड नसते. पंखे वाढतात, मग आवाज, मग "टीव्ही बघू देतोस का नाही?" हे भांडण. पावसाळ्यात वेगळा त्रास. दमटपणा आणि मुंग्या. आमच्याकडे एकदा पॉवर सप्लायमध्ये पाल सापडली होती, पुढचं सांगत नाही. पीसी हॉलमध्ये ठेवायचाच असेल तर उघड्या स्टँडवर, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच ठेवा. किनाऱ्यालगत राहत असाल तर आठवड्यातून एकदा तरी चालू करा. खाऱ्या हवेत महिनोन्महिने बंद पडलेल्या मशीनची पोर्टं हिरवट होतात.

त्या पीसीवर कुणी कामही करत असेल, तर मात्र ही वाट धरू नका. सोफ्यावर मांडीवर कीबोर्ड घेऊन एक्सेल करणं दोन दिवस गमतीचं वाटतं.

लांब वायर

इथे मी पैसे घालवून शिकलो. पहिल्यांदा दहा मीटरची तांब्याची वायर घेतली. दुकानदार म्हणाला, "फोरके आरामात चालतं." ६० हर्ट्झवर चाललंही. १२० लावल्यावर दर चार-पाच मिनिटांनी पडदा सेकंदभर काळा. आधी कार्डावर संशय, मग टीव्हीवर, ड्रायव्हर तीनदा टाकून झाले. दोष वायरीचा होता, आणि तसं बघितलं तर तिचाही नाही. ४८ गिगाबिटला साधी तांब्याची वायर तीन-चार मीटरपुढे भरवशाची राहत नाही. अंतर वाढलं की सिग्नल विरतो.

त्यापुढे ऑप्टिकल. हिच्यात चित्र काचेच्या तंतूतून प्रकाशाने जातं आणि दोन्ही टोकांना छोटे चिप असतात. दहा, पंधरा, वीस मीटरला ही पूर्ण वेगाने चालते. उशीर म्हणाल तर जाणवण्यासारखा काहीच नाही, म्हणजे खेळताना ती दोन मीटरच्या वायरीसारखीच. किंमत काही पट जास्त.

तिची तंत्रं तेवढी सांभाळायची. तिला दिशा असते: एका टोकावर 'सोर्स' छापलेलं असतं, ते पीसीला, आणि 'डिस्प्ले' टीव्हीला. उलटी लावली तर चित्र येतच नाही. कोपऱ्यात काटकोनात दुमडायची नाही, आत काच आहे. भिंतीत पाइप घालणार असाल तर वायरीच्या जाडीवर जाऊ नका, टोकाचं डोकं पाइपातून जातं का ते बघा. चिऱ्याची भिंत एकदा फोडून बुजवली की परत फोडायला घरातलं कुणी परवानगी देत नाही. म्हणून मी वायर भिंतीत घातलीच नाही, चौकटीवरून हुकांवर नेली. देखणी नाही, पण बदलता येते.

लोक हमखास विसरतात ती गोष्ट वेगळीच: चित्र पोचलं, पण कंट्रोलर? ब्लूटूथ मोकळ्या जागेत दहाएक मीटर जाईल, दोन चिऱ्याच्या भिंतींपलीकडे त्याचा काही नेम नाही. साधी यूएसबी वायर पाच मीटरपर्यंतच ठीक, त्यापुढे आतून सिग्नल वाढवणारी ॲक्टिव्ह एक्स्टेन्शन घ्यावी लागते. ती एचडीएमआयच्या सोबतच ओढून घ्या आणि टीव्हीखाली छोटा यूएसबी हब ठेवा. माउस, कीबोर्ड आणि ब्लूटूथ डोंगल तिथेच लागतात. हा खर्च धरल्याशिवाय या वाटेची किंमत काढू नका.

वायरीशिवाय

पीसीवर सनशाइन आणि टीव्हीवर किंवा अँड्रॉइड बॉक्सवर मूनलाइट, नाहीतर पीसीवर स्टीम आणि टीव्हीवर स्टीम लिंक. सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि घरात अँड्रॉइड टीव्ही असेल तर आजच रात्री करून बघता येतं. म्हणून माझा सल्ला असा, की लांब वायरीवर पैसे घालण्याआधी ही वाट एकदा चाचणीपुरती तरी चालून बघा.

इथे चित्र पीसीवर दाबलं जातं, नेटवर्कवरून जातं आणि टीव्हीवर परत उलगडतं. फोरके ६० ला सेकंदाला ५० ते १०० मेगाबिट लागतात. घरातल्या इंटरनेटच्या वेगाचा याच्याशी काही संबंध नाही, हे सगळं घरातल्या घरात चालतं. प्रश्न वायफायचा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय चिऱ्याच्या एका जाड भिंतीपलीकडे दमतं आणि दुसरीपलीकडे जवळपास संपतं. फ्लॅटच्या विटांच्या पातळ भिंतींत तेच छान चालतं. आमच्याकडे राऊटर मागच्या खोलीत असताना वसरीत चित्र चौकोन-चौकोन होऊन तुटायचं. पीसी नेटवर्क वायरीने राऊटरला आणि टीव्ही वायफायने राऊटरच्या नजरेच्या टप्प्यात, एवढं केलं की निम्मा त्रास संपतो.

टीव्हीलाच नेटवर्क वायर लावायची, तर आणखी एक मेख आहे. भल्या महागड्या टीव्हींचं लॅन पोर्टही बऱ्याचदा १०० मेगाबिटचंच असतं. चांगलं फोरके स्ट्रीमिंग तिथे कड्याला टेकतं. गिगाबिट पोर्ट असलेला वेगळा बॉक्स असेल तर ही कटकट नाही, आणि कंट्रोलरही त्या बॉक्सलाच लागतो.

उशिराचं काय? ६० हर्ट्झवर एक चित्र साधारण पावणेसतरा मिलिसेकंद टिकतं. स्ट्रीमिंगमध्ये सगळं नीट बसलं तर त्यात एक-दोन चित्रांची भर पडते, वायफाय रुसलं की कितीही. शेती-शहर वसवायचे गेम, कोडी, निवांत कथेचे गेम यांना ते चालून जातं. ऑनलाइन नेमबाजी, फायटिंग किंवा गाड्यांच्या शर्यती असतील तर मी स्ट्रीमिंगवर खेळणार नाही.

जोडल्यावर

हे भराभर सांगतो, कारण निर्णय यावर ठरत नाही. वायर ग्राफिक्स कार्डाला लावा, मदरबोर्डच्या एचडीएमआयला नाही. ही चूक रोज कुणीतरी करतं. टीव्हीत त्या पोर्टासाठी गेम मोड चालू करा. तो बंद असताना बटण दाबणं आणि पडद्यावर दिसणं यांत १०० मिलिसेकंदांच्या घरातला उशीर असू शकतो, चालू केल्यावर चांगल्या टीव्हीत तो १०-१५ वर येतो. म्हणजे ज्याने गेम मोड लावला नाही त्याने वायरींची तुलना करण्यात अर्थच नाही. त्या पोर्टाचा 'एन्हान्स्ड' किंवा तत्सम नावाचा सिग्नल पर्याय उघडा, नाहीतर एचडीआर आणि १२० यादीतच दिसत नाहीत. अक्षरांना रंगीत कडा दिसल्या तर इनपुटला 'पीसी' नाव द्या. कडेचं चित्र कापलं जात असेल तर 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा. काळा रंग राखाडी वाटला तर कार्डाची आणि टीव्हीची आरजीबी रेंज जुळत नाही, दोन्हीकडे फुल करा. टीव्ही ओलेड असेल तर विंडोजचा टास्कबार आपोआप लपू द्या, नाहीतर पडद्यावर त्याचा डाग राहू शकतो.

विजेचं मात्र थांबून सांगतो. पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात आपल्याकडे गडगडाट जोरात असतो, आणि लांब वायर म्हणजे दोन खोल्यांतली दोन महाग यंत्रं एकमेकांना बांधणं. ऑप्टिकल असली तरी बहुतेक वायरींत काचेसोबत तांब्याच्या बारीक तारा असतातच, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. गडगडायला लागलं की पीसी, टीव्ही आणि केबलची जोडणी तिन्ही काढायची. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी चालवायचाही मोह नको. गेम चालू असताना तो सहज ४०० वॅट ओढतो, आणि चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर अनेक नव्या पॉवर सप्लायना मानवत नाही.

तर मग कोणती?

अंतर तीन मीटरच्या आत असेल किंवा पीसी हलवता येत असेल, तर छोटी तांब्याची वायर, आणि उरलेले पैसे कार्डात घाला. भाच्याने तेच केलं, टेबल सोफ्यामागून काढून टीव्हीच्या बाजूला आणलं. पीसी हलणारच नसेल आणि वेगवान गेम खेळत असाल, तर ऑप्टिकल आणि सोबत यूएसबी. महिन्यातून चार वेळा निवांत खेळणारा असाल, भाड्याच्या जागेत राहत असाल किंवा भिंतीला खिळाही मारता येत नसेल, तर स्ट्रीमिंग. आणि कार्ड २.० चं असेल तर ४८ गिगाबिटच्या महागड्या ऑप्टिकलऐवजी १८ गिगाबिटची स्वस्त ऑप्टिकल पुरे. फक्त पुढे कार्ड बदललं की वायरही बदलावी लागेल, हे धरून चला.

जुन्या घरात आणखी एक बघावं लागतं: चवथ. त्या दिवसांत वसरी गणपतीची. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची, आरास करायची, टीव्ही भिंतीवरून निघतो. पीसी तिथेच असता तर तोही हलवावा लागला असता. आमच्याकडे फक्त वायर हुकांवरून उतरते आणि गुंडाळून कपाटात जाते. गेल्या वर्षी पाच दिवसांनी ती परत टांगताना टोकं उलटी गेली आणि मी अर्धा तास टीव्ही बिघडला म्हणून दुरुस्तीवाल्याचा नंबर शोधत होतो. आता टीव्हीकडच्या टोकाला लाल दोरा बांधून ठेवलाय.