एमजीबीमध्ये व्ही-8 : अंबडमधील गॅरेजच्या कामाचा अनुभव

माझ्या 1970 सालच्या एमजीबी रोडस्टरमधील (ही एमजी कंपनीची उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) 1798 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन काढून रोव्हर या ब्रिटिश कंपनीचे 3528 सीसीचे व्ही-8, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेले इंजिन, बसवण्याचे काम मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका गॅरेजकडे सोपवले होते. इंजिन, पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि 3.07 गुणोत्तराचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा गिअरसंच) मी आधीच जमवून ठेवला होता. हे सारे गाडीत नीट बसवून देणे एवढेच त्यांच्याकडे होते.

हा खटाटोप अगदीच वेडगळ नाही. इंग्लंडमध्ये केन कॉस्टेलो यांनी ही जोडणी करून दाखवली आणि पुढे 1973 ते 1976 या काळात कंपनीनेच एमजीबी जीटी व्ही-8 विकली. रोव्हरचे इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे ते मूळच्या बिडाच्या इंजिनापेक्षा फारसे जड भरत नाही. खरी अडचण जागेची असते, आणि तिथेच या गॅरेजच्या मिस्त्रींचा हात दिसला. त्यांनी घरून आणलेल्या कणकेचा गोळा कार्ब्युरेटरवर ठेवून बोनेट लावले आणि पुन्हा उघडले, तेव्हा गोळ्याची पार पोळी झाली होती. कंपनीने याच कारणासाठी कार्ब्युरेटर मागे सरकवले होते, हे सांगितल्यावर त्यांनी शेजारच्या लेथवाल्याकडून तसा अडॅप्टर करून आणला. दुसऱ्या खेपेस कणीक दहा मिलिमीटर जाड उरली. “साहेब, आता बोनेटला फुगा काढायला नको,” एवढेच ते म्हणाले. स्टिअरिंगचा दांडा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यामधूनही आता बोट सहज फिरते.

रेडिएटरच्या बाबतीत मात्र निष्काळजीपणा झाला. जुनाच पुरेल, असा त्यांचा आग्रह होता, आणि मे महिन्याच्या दुपारी द्वारका चौकातील कोंडीत तापमानाचा काटा टोकाला जाऊन गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. नंतर मोठा रेडिएटर आणि दोन विजेचे पंखे बसले, पण त्याची मजुरी माझ्याकडूनच घेतली गेली, हे मला पटलेले नाही.

कागदपत्रांचा विषय त्यांनी काढलाच नाही. इंजिन बदलण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरटीओची मान्यता लागते, हे मला ठाऊक असल्यामुळे मी ती घेतली. परंतु 2021 च्या नियमांतील पन्नास वर्षांहून जुन्या व्हिंटेज वाहनांची नोंदणी इंजिन मूळ स्वरूपात असलेल्या गाडीलाच मिळते, हे काम निम्मे झाल्यावर कळले. अशी नोंदणी हवी असणाऱ्याने जुन्या इंजिनाला हात लावण्यापूर्वी विचार करावा.

त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर गाडी आता चौथ्या गिअरमध्ये चढ सहज चढते, आवाज तर ऐकत राहावा असा आहे. स्पीडोमीटर तेवढा मूळच्या डिफरन्शियलच्या 3.9 गुणोत्तराच्या हिशेबावर राहिला आहे : काटा 60 वर असताना मोबाइल 75 दाखवतो. तो दुरुस्त करून देण्याचे आश्वासन मिळून दोन महिने झाले.