जळगावात जुन्या घराच्या गच्चीवर चायना मोझॅक करून घेतलं, अनुभव

आमचं घर गणेश कॉलनी भागातलं, जुनं बैठं, पुढे अंगण न कडुनिंब, नवीन फ्लॅटमध्ये हे सुख नाही भो. पण स्लॅब गळायचा आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की रात्री बारालाही भिंती गरम. मग चायना मोझॅकवाल्याला, म्हणजे गच्चीवर टाइल्सचे तुकडे बसवून देणाऱ्याला, बोलावलं. काम एकदम मस्त. आधी फुगलेला जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा उताराचा थर, फोडून काढला, नवीन कोबा करताना उतार बरोब्बर पाइपाकडे दिला, आणि पॅरापेट, म्हणजे गच्चीच्या कठड्याची भिंत, जिथे स्लॅबला भेटते तिथला कोपरा सिमेंटने गोल भरून घेतला (याला वाटा म्हणतात), पाणी तिथूनच तर मुरतं, आधीच्या मिस्त्रीने ते केलंच नव्हतं. मग पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवून सांधे भरले, गच्चीवर पाणी तुंबवून ठेवून लीकेज चेक करून दाखवलं. पावसाळ्यात थेंब नाही. पांढऱ्या रंगाने ऊन परत फेकलं जातं म्हणून खालची खोलीही गार राहते. फक्त मलबा गेटसमोर तसाच पडून होता, शेजारच्या काकूंना त्रास झाला, तो उचलायचं आधीच ठरवून घ्या. जुनं घर पाडायच्या आधी गच्ची एकदा नीट करून बघाच.