सनसेट क्रेटर की वुपात्की?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सहून मुलांना घेऊन निघालेल्या मैत्रिणीने विचारलं, अर्धाच दिवस आहे, सनसेट क्रेटर हा ज्वालामुखी की वुपात्की ही प्राचीन वस्ती, यातलं कोणतं पाहू? दोन्हींना तिकीट एकच, रस्ताही एकच. खर्चात फरक नाही.

सनसेट क्रेटरचा उद्रेक साधारण १०८५ चा. काळा लाव्हा, पाइनची सावली, चालणं थोडं. शिखरावर १९७३ पासून बंदी.

वुपात्कीला ऊन कडक, सावली नाही. पण सुमारे १०० खोल्यांचं लाल दगडी घर, चेंडूचं मैदान, जमिनीतून वारा फुंकणारं बीळ! सनसेटच्या उद्रेकातल्या राखेच्या पातळ थराने ओल धरली, म्हणून या वाळवंटात मका पिकला. दूर दक्षिणेतले मकाव पोपटही इथे आणले गेले होते. होपी या इथल्या मूलनिवासी लोकांसाठी हे पूर्वजांचं घर आहे, नुसते पडके अवशेष नव्हेत.

ज्वालामुखीच पाहायचा असेल, मुलं लहान असतील, तर सनसेट. माणसं इथे कशी जगली हे समजून घ्यायचं तर वुपात्की, तेही सकाळी लवकर.