विचॅट आणि एमएलटर्म : टर्मिनलमध्ये मराठी गप्पा मारण्याचा काही महिन्यांचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. टर्मिनलमधल्या, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीतल्या, चॅट क्लायंटमध्ये मराठी धड दिसत नसेल तर फॉन्टवर फॉन्ट बदलत बसू नका. फॉन्टचा दोष असतो, पण थोडा. खरी मारामारी एका अक्षराला किती रकाने (ओळीतली सारख्या रुंदीची घरं) द्यायचे यावरून असते आणि ती क्लायंट, टीमक्स (टर्मिनलमधली कामं मागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम) आणि टर्मिनल अशी तिघांत जुंपलेली असते. तिघांची मोजणी जुळली नाही तर जगातला सगळ्यात देखणा देवनागरी फॉन्टसुद्धा भंगारच दिसतो.

माझी मांडणी अशी : भाड्याच्या एका सर्व्हरवर डेबियन लिनक्स, त्यावर टीमक्समध्ये विचॅट हा चॅट क्लायंट, आणि घरून एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर लॉगिन. कॉलेजच्या जुन्या टोळक्याची आयआरसीवर, म्हणजे मजकुरी गप्पांच्या जुन्या माध्यमावर, एक वाहिनी आहे. २०२१ मध्ये लोक फ्रीनोड हे आयआरसीचं जाळं सोडून लिबेरा चॅटवर गेले, त्या लाटेत आम्हीही गेलो. गप्पा मराठीत, शिव्या मराठीत, टोपणनावं मात्र रोमनमध्येच घ्यावी लागतात. अक्षरांचा घोळ या माध्यमाला जन्मापासूनच चिकटलेला आहे म्हणा. १९८८ मध्ये फिनलंडमधल्या औलू इथे यार्को ओइकारिनेनने आयआरसी लिहिलं, तेव्हा तिकडच्या सात बिटांच्या संचात कंसांच्या जागी त्यांचे टिंबवाले स्वर बसत. त्यामुळे १९९३ च्या आरएफसी १४५९ या आयआरसीच्या नियमपत्रात महिरपी कंस हे चौकोनी कंसांचं लहान रूप मानलेलं आहे, आणि तो नियम अजून कित्येक ठिकाणी चालू आहे. आपल्या वेलांट्यांची चौकशी कोण करणार!

पहिला टप्पा सोपा आहे. सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर तो लोकेलचा, म्हणजे यंत्राच्या भाषा नि अक्षरसंचाच्या सेटिंगचा प्रश्न, त्यात फॉन्टचा काही संबंध नाही. सर्व्हरवर 'लोकेल चारमॅप' ही आज्ञा चालवा. उत्तर यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) आलं तर ठीक. एएनएसआय एक्स३.४-१९६८ असं काही आलं तर सर्व्हरला इंग्रजीपलीकडचं अक्षरच ठाऊक नाही. स्वस्तातल्या सर्व्हरवर बहुतेक वेळा लोकेल बनवलेलंच नसतं, आणि लॅपटॉप मात्र एसएसएचमधून आपलं लोकेल पुढे ढकलतो, म्हणून लॉगिन केल्या केल्या इशारे येतात. मराठी-भारत लोकेल बनवून घेता येतं, पण मग निम्म्या प्रोग्रॅमचे संदेश मराठीत येतात, उरलेल्यांचे इंग्रजीत, आणि चूक शोधायला गेलं की काही सापडत नाही. मी फक्त अक्षरसंचाचं चल, म्हणजे एलसी सीटाइप, यूटीएफ-८ वर ठेवलं आणि भाषा इंग्रजीच राहू दिली. डेबियनवर सी.यूटीएफ-८ आयतं असतंच. यानंतर टीमक्स पूर्ण बंद करून परत सुरू करा. नुसतं बाहेर पडून आत आलात तर विचॅट जुनंच लोकेल धरून बसतं, आणि लोक उगाच म्हणतात की सांगितलेलं चाललं नाही.

विचॅटमध्ये 'चारसेट' आज्ञा दिली की टर्मिनलचा संच कुठला ते दिसतं. एखादा जुना क्लायंट दुसऱ्याच संचात पाठवत असेल तर त्या वाहिनीपुरतं डिकोडिंग वेगळं ठेवता येतं. मराठीसाठी याची गरज क्वचित पडते. एक प्रकार मात्र यात मोडत नाही : जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कुणी तसाच चिकटवला तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसणार, आणि तो कुठल्याही टर्मिनलमध्ये तसाच दिसणार. मुळात ती मराठी नाहीच, मराठी दिसणारा रोमन मजकूर आहे. परिवर्तक वापरून युनिकोड करून घ्या, विचॅटला दोष देऊ नका.

आता रुंदी. 'स्वातंत्र्य' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला तीन अक्षरं दिसतात : स्वा, तं, त्र्य. युनिकोडमध्ये त्याचे अकरा घटक आहेत, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट धरून ३३ बाइट. टर्मिनलमधले प्रोग्रॅम रुंदी विचारतात ती सी लायब्ररीतल्या डब्ल्यूसीविड्थ या फंक्शनला. ते हलन्त आणि अनुस्वाराला शून्य रकाने देतं आणि काना धरून बाकी सगळ्यांना एकेक. म्हणजे सात. पण चिन्ह जोडून काढणाऱ्या टर्मिनलमध्ये हाच शब्द त्याहून कमी जागेत मावतो. विचॅट सात रकाने सोडतं, टर्मिनल तेवढे भरत नाही, आणि उजवीकडची टोपणनावांची यादी नि तिच्या आधीची उभी रेघ ओळीओळीला वेगवेगळ्या जागी जाऊन पडते. एखादी इंग्रजी ओळ आली की रेघ सरळ, मराठी आली की आत. मध्येच आधीच्या ओळीतली अक्षरं मागे राहतात, मग कंट्रोल-एल दाबून पडदा पुन्हा रंगवायचा.

टीमक्स या मोजणीत तिसरा भिडू म्हणून घुसतो. त्याचा रुंदीचा हिशेब वेगळा असतो, आणि तो यूटीएफ८प्रॉक लायब्ररीसह बांधलाय की नाही यावरही बदलतो. मी टीमक्स मधून काढूनच टाकलं. विचॅटच्या रिले प्लगइनमध्ये आयआरसी प्रोटोकॉलची सोय आहे. सर्व्हरवरचं विचॅट कायम जोडलेलं राहतं आणि लॅपटॉपवरचं विचॅट त्यालाच सर्व्हर समजून जोडून घेतं. मोजणारे तीनाचे दोन झाले. सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असं विचाराल तर यानेच.

टर्मिनल निवडताना एकच कसोटी लावा : 'किती' लिहून बघा. अक्षरजुळणी न करणाऱ्या टर्मिनलमध्ये वेलांटी साठवलेल्या क्रमाने, म्हणजे क च्या नंतर येते आणि पुढच्या त च्या डोक्यावर जाऊन बसते. वाचताना 'कति' आणि पुढे लोंबणारी आणखी एक वेलांटी. ॲलॅक्रिटी वेगवान आहे, पण ते अक्षरजुळणी करत नाही, त्यामुळे मराठीसाठी बाद. कॉन्सोल नावाच्या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं बरीच बरोबर येतात, पण मराठी ओळीत कर्सर कुठे उभा आहे याचा भरवसा नाही. किटी अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी वापरते. कॅलिबर हे ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कोविद गोयल यांचंच हे काम. देवनागरीचा यू+०९०० ते यू+०९७एफ हा पट्टा वेगळ्या फॉन्टला जोडून द्यायची तिच्यातली सोय फार आवडली. पण अक्षरं शेवटी रकान्यांच्या चौकटीतच बसवायची असल्याने त्यांच्यातलं अंतर कुठे दाट, कुठे विरळ होतं. थोडं वाचायला चालतं, संध्याकाळभर नाही.

शेवटी टिकलो एमएलटर्मवर. दिसायला जुनाट, कंट्रोल दाबून उजवं बटण दाबलं की उघडणारी सेटिंगची खिडकी तर मागच्या शतकातली वाटते. पण हे टर्मिनल मुळातच अनेक लिप्यांसाठी बनलेलं आहे. मुख्य सेटिंग फाइलमध्ये ओपनटाइप मांडणी, म्हणजे अक्षरजुळणी, चालू करायची आणि अक्षर रेखाटणारं इंजिन एक्सएफटी किंवा कैरो ठेवायचं. दुसरी गोष्ट बहुतेकांची राहते आणि मग पहिलीचा काही उपयोग होत नाही. त्यानंतर 'किती' हे 'किती' दिसतं, रफार जागेवर येतो, 'दुसऱ्या'मधला र नीट चंद्रकोरीसारखा निघतो. हा र मात्र ऱ ला हलन्त देऊन टाइप करा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे. साध्या र च्या पुढे अदृश्य जोडकर्ता घालून केलेला र असेल तर वाटेत कुणीतरी जोडकर्ता गाळतो आणि पलीकडे 'दुसर्या' पोचतं.

रेघ एमएलटर्ममध्येही सरळ येत नाही. मराठी शब्द जितका आक्रसतो तितकं उजवीकडचं सगळं आत सरकतं. त्यावर उपाय म्हणजे उजवीकडे काही ठेवायचंच नाही. टोपणनावांची यादी लपवली, लागेल तेव्हा 'नेम्स' आज्ञा देतो. डावीकडचे टोपणनावांचे रकाने रोमन असल्याने ते जागचे हलत नाहीत.

फॉन्टबद्दल थोडक्यात. 'एफसी-लिस्ट'ला मराठी भाषेची अट घालून यंत्रावर काय काय आहे ते बघा. नोटो सान्स मोनोमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे ते निवडलं तरी मराठी दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमधून येते, आणि तो कुठला हे फॉन्टकॉन्फिग ही फॉन्ट शोधून देणारी यंत्रणा ठरवते. मी नोटो सान्स देवनागरी ठरवून दिला. ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्टमध्ये मराठी वळण आहे, पण मजकूर मराठी आहे हे टर्मिनल फॉन्टला सांगत नाही. डोळ्याला खटकतं, सवय होते. मात्रा वरून कापल्या जात असतील तर फॉन्ट लहान करू नका, ओळीची उंची वाढवा. किटीमध्ये त्यासाठी रकान्याची उंची टक्क्यांत देता येते.

लांब लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटांचा, ओळ संपल्याची खूण धरून. पत्ता वगैरे वजा जाता देवनागरीत दीडशे घटकांच्या आतबाहेरच उरतात. विचॅट स्वतःच संदेश तोडून दोन ओळींत पाठवतं, ते बरं आहे. पण मध्ये एखादा बॉट बाइट मोजून कापत असेल तर शेवटचं अक्षर अर्धं तुटून काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. तिथे तुमच्या बाजूला करण्यासारखं काही नाही.

टोळक्यातले दोघे इर्सी हा दुसरा क्लायंट सोडायला तयार नाहीत. त्यांच्यासाठी : १.२ पासून इर्सीत रुंदी कोणत्या पद्धतीने मोजायची ते निवडता येतं, सिस्टिमची पद्धत किंवा यूटीएफ८प्रॉकवाली, जिला तिथे 'ज्युलिया' म्हणतात. दोन्ही लावून बघा. एकाच्या पडद्यावर ओळी जागेवर आल्या. दुसरा अजून ऑफिसच्या यंत्रावरच्या जुन्या टीमक्समधून येतो, त्याला आम्ही अजूनही महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर रोमनमध्ये लिहितो.