कारकीर्द कुणाची जास्त भरीव, सो थेन की न्यान टुन?
दोघेही म्यानमारचे नौदलप्रमुख, आधी सो थेन, मग न्यान टुन. गणवेश उतरवल्यावर मात्र वाटा फुटल्या.

न्यान टुन २०१२ मध्ये उपराष्ट्रपती झाले, तेही संसदेतल्या लष्करी सदस्यांनी नाव पुढे केल्यामुळे. पद मोठं, पण त्यांना मतदारांच्या दारात जावं लागलं नाही.

सो थेन यांनी २०१० ची निवडणूक लढवली. राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्या सरकारात आधी उद्योगखातं, मग राष्ट्राध्यक्ष कार्यालयाचं मंत्रिपद. आर्थिक सुधारणा आणि परकीय गुंतवणुकीची बाजू त्यांनीच लावून धरली. २०१५ मध्ये सू ची यांच्या पक्षाची लाट असतानाही काया राज्यातून ते अपक्ष निवडून आले! हुद्दा न्यान टुन यांचा मोठा, पण मला कारकीर्द सो थेन यांचीच भरीव वाटते.